निळा पाचवा मजला

मुलीला निजवून, श्वाससुद्धा जपून सोडत मी बाहेरच्या खोलीत आले आणि पहिल्याच पावलाला पायाखालचं काहीतरी सरकलं. तोल गेला, दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचले. सासूबाईंनी मशीनवरून मान वर केली नाही. सुईखालचं कापड पुढे सारत त्या म्हणाल्या, "जपून गं. पाचव्या मजल्यावर पाय पडला तुझा."

खाली पाहिलं तर हातभर रुंदीचा निळा पट्टा. त्याचं एक टोक मशीनवर चढत होतं, दुसरं सासूबाईंच्या खाटेखालून निघून, बाबागाडीच्या चाकांना वळसा घालून स्वयंपाकाच्या बोळात कुठंतरी नाहीसं झालं होतं. निळ्याला जोडून पिवळा, पिवळ्याला जोडून फुलाफुलांचा, मग पांढऱ्यावर विटकरी चौकटी. दोन खोल्यांच्या आमच्या घरात आठ मजले पसरले होते. समोरचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना पाडून तिथं आठ मजली इमारत उठणार, एकेका मजल्यावर डझनभर घरं, असं ठरत आलं होतं आणि गल्ली पेटली होती. कागदावरची उंची कोणाला कळत नाही, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी टूम काढली: इमारतीच्या उंचीएवढा कापडी पट्टा शिवायचा आणि नगरपालिका गल्लीचं म्हणणं ऐकणार त्या सभेच्या आधीच्या रविवारी फुग्याला बांधून कारखान्यावर सोडायचा, म्हणजे पाहणाऱ्याला धडकी भरेल. विरोधातल्या प्रत्येक घरानं एकेक जुनी चादर दिली. शिवायचं काम अर्थातच सासूबाईंकडे आलं, कारण गल्लीतल्या पँटींपासून पडद्यांपर्यंत सगळं त्यांच्याच मशीनखालून जातं, आणि कारण विरोधात त्या सगळ्यांत पुढे होत्या.

निळी चादर आमची. माझ्याच पलंगावरची. मुलीला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा हीच अंथरलेली होती. तिच्यावर औषधाचा एक पिवळट डाग पडला तो कशानंच गेला नाही. तो डाग आता माझ्या अंगठ्याशी होता. मी पाय उचलायला हवा होता, पण उचलला नाही. इतके दिवस ती इमारत म्हणजे एक आवाज होता: जिन्यात, दुकानात, नळावर चालणारं एक भांडण. आज ती पायाखाली आली होती आणि कोमट होती, कारण खिडकीतलं ऊन नेमकं तिथंच पडलं होतं. पाचव्या मजल्यावर उभी राहून मी मनातल्या मनात एक खिडकी उघडली. बाहेर काय दिसतं ते बघायचंही धाडस झालं नाही, नुसती कडी काढली आणि पुन्हा लावून टाकली. सासूबाई म्हणाल्या, "उभी काय राहिलीस, चहा ठेव." मी मजले ओलांडत बोळात गेले.

लग्न झालं तेव्हा दोन-चार महिन्यांत जागा बघू, असं आमचं ठरलं होतं. नवरा बसच्या आगारात मेकॅनिक, पाळी बदलती. मी घरी छपाईची मुद्रितं तपासते. दोघांचं मिळून एक खोली परवडेल असा आमचा हिशोब होता. पण खोली रिकामी झाल्याचं कळावं आणि आम्ही पोचावं तोवर जिन्यात रांग लागलेली असायची, आमच्यासारखीच तरुण, आमच्यासारखीच जरा बरे कपडे घालून आलेली माणसं, एकमेकांकडे न बघणारी. मग दिवस राहिले, मग मुलगी झाली, आणि आतली खोली आमची, बाहेरची सासूबाईंची, मध्ये पडदा, अशी घडी बसली ती बसलीच. आम्ही कुजबुजत हसायला शिकलो. भांडायचं झालं तर जिन्यात जातो. आधी कोण चप्पल घालतं त्यावरून जास्त राग कोणाला आलाय ते कळतं. एकदा भर भांडणात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खाली येत होते. निवृत्त बँकवाले, रुमालालासुद्धा इस्त्री, म्हणून गल्ली त्यांना टिपटॉप म्हणते. ते आमच्यामधून "माफ करा, माफ करा" म्हणत वाट काढत गेले आणि खालच्या पायरीवरून वळून म्हणाले, "सूनबाईंचं बरोबर आहे." नवरा त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही; टिपटॉपांशी मात्र आठवडाभर बोलला नाही.

यात सासूबाईंनी आम्हाला कधी ओझं म्हटलं नाही, हे लिहायलाच हवं. नवऱ्याची रात्रपाळी असली की तो दिवसा झोपतो, त्या दिवशी त्या मशीन बंद ठेवून हातशिलाईचं काम काढतात. मुलीचं दूध, माझी मुद्रितं, त्याची झोप, या सगळ्यांना वाट देत त्यांचं काम एका खिडकीपाशी येऊन थांबलंय. त्या खिडकीत दुपारी कारखान्याच्या बसक्या छपरावरून ऊन येतं आणि थेट मशीनच्या पाट्यावर उतरतं. काळ्या कोटाला काळ्या दोऱ्यानं काज करायचं ते याच उन्हात. दिव्याखाली काळ्यावर काळं दिसत नाही, नुसतं चाचपत बसावं लागतं, आणि त्यांच्या डोळ्यांना आता दिवा पुरत नाही. मी कितीदा मुद्रितावरून नजर उचलून त्यांच्याकडे बघत बसलेय. ओठांत टाचण्या, मान किंचित कललेली, आणि कापड असं हळूच पुढे सोडायचं जसं एखाद्या मुलाला पहिल्यांदा चालायला सोडतात, हात काढून पण हात जवळ ठेवून. कारखाना पाडून तिथं आठ मजले उभे राहिले की दुपारचं ते ऊन जाणार. त्यांचा विरोध एवढाच होता आणि एवढा पुरेसा होता. आणि माझं? त्या इमारतीतली काही घरं याच भागातल्या, जागेसाठी नाव घालून थांबलेल्या कुटुंबांना सोडत काढून मिळणार होती. आमचं नाव घातलेलं होतं, आणि सासूबाईंना ते माहीत होतं. घरात त्यावर कोणी बोलत नव्हतं. एकाच ताटातलं दोघींनी खावं आणि एका घासापाशी दोघींचे हात थांबावेत, तसं झालं होतं.

चहाचं पाणी उकळेपर्यंत मला वडिलांचे खिळे आठवले. ते घड्याळं दुरुस्त करायचे, आणि आम्ही सतत घरं बदलायचो; घरमालकाचा मुलगा परत आला, घरमालकाला भाडं वाढवायचं आहे, घरमालकाला आमचा खोकला आवडत नाही. प्रत्येक घर सोडताना वडील भिंतीतले आपले खिळे उपटून काढायचे, ओट्यावर ठेवून हातोडीनं सरळ करायचे आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या एका पत्र्याच्या डबीत भरायचे. आई साबणाची ओली वडी घेऊन भोकं बुजवायची. कित्येक घरांच्या भिंतींना आमच्या साबणाचा वास असेल. मी तेव्हा लहान होते आणि मला वाटायचं, घर म्हणजे ती डबीच. भिंती तिच्या आजूबाजूला बदलत राहतात. लग्नात वडिलांनी ती डबी माझ्या हातात ठेवली, म्हणाले, तुझ्या घरी लागतील. ती अजून माझ्या कपड्यांखाली आहे. सासूबाईंच्या भिंतींत जिथं खिळा हवा तिथं तो आधीच आहे, त्यांनी विचार करून मारलेला, आणि त्याला काही ना काही टांगलेलं आहे. नवा मारायला मला कोणी मनाई केलेली नाही, जागाच नाही.

चहा घेऊन येते तोवर दातांचे डॉक्टर आले होते. मी बोळातच थांबले, कारण बाहेरच्या खोलीत तिसरा माणूस उभा राहायला जागा नव्हती, आणि खरं म्हणजे मला ऐकायचं होतं. डॉक्टर वाईट माणूस नाही. मुलीला दात येत होते तेव्हा ते स्वतः जिना चढून आले होते. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं: नळाला आत्ताच करंगळीएवढी धार, शाळेत एका बाकावर तीन-तीन मुलं, त्यात शंभर घरं येऊन पडली तर कसं व्हायचं. त्यांनी पट्टा हातात घेऊन शिवणी बघितल्या. सासूबाई कुठल्याही शिवणीत आत माया ठेवतात, थोडं जास्तीचं कापड, उद्या सैल करावं लागलं तर उसवून सोडता यावं म्हणून. माझ्या मुलीचे फ्रॉक तर त्या असे शिवतात की आत आणखी एक फ्रॉक दुमडून ठेवलेला असतो. डॉक्टरांनी ती माया चिमटीत धरून पाहिली आणि आवाज खाली आणून म्हणाले, की काकू, हे प्रत्येक मजल्याला थोडं थोडं सोडलंत तर? वर पाण्याची टाकी असते, लिफ्टची खोली असते, ती उंची कोण धरणार? आणि लांबून बघणाऱ्याला काय कळतंय.

सासूबाईंनी मशीन थांबवलं. "टाकीचं वेगळं कापड लावते वर," त्या म्हणाल्या. "पण मजला आहे तेवढाच राहील."

डॉक्टर हसले. म्हणाले, माझ्या पँटी तर दरवर्षी सोडता.

"तुमचं पोट वाढल्यावर सोडते, डॉक्टर. आधी नाही."

डॉक्टर पुन्हा हसले, या वेळी जरा कमी; म्हणाले, तुम्ही आपल्या बाजूच्या ना, काकू? सासूबाई म्हणाल्या, मी बाजूचीच आहे, म्हणून तर नीट शिवतेय. खोटं माप सभेत पकडलं गेलं तर माझं खरं ऊनसुद्धा कोणी धरणार नाही. एवढं बोलून त्यांनी चाकाला हात लावला. बोळात हातातल्या चहावर साय धरत होती आणि मला काय होत होतं ते मला नीट सांगता येत नाही. ज्या इमारतीनं त्यांचे डोळे जायची वेळ येणार, तिच्यावर त्या बोटभरही जास्तीचा आळ घ्यायला तयार नव्हत्या. मी दिवसभर छापलेले शब्द तपासते, माझा धंदाच चुका काढायचा. पण सोयीची चूक समोर आली तर ती तशीच राहू द्यावी असं मला किती सहज वाटलं असतं.

पट्टा पुरा झाला त्या दुपारी तो घडी करायला मी लागले. चादरीची घडी एकटीनं होत नाही. दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी. ताणायचं, झटकायचं, मग एकमेकींकडे चालत यायचं, हाताला हात लागला की टोक द्यायचं आणि पुन्हा मागे. खोली एवढी लहान की मागे सरायला मी बोळात जायची आणि त्या खिडकीला टेकायच्या. कितव्या तरी खेपेला, हात हाताशी आलेले असताना, त्यांनी टोक घेतलंच नाही. "सभेत बोलणार आहेस ना?"

मी म्हटलं, नाही.

"का?"

"तुम्ही विरोधात आहात, आई."

"मी आहे. तू कुठं आहेस?"

तुमच्या घरात आहे, असं तोंडावर आलं होतं, पण ते टोमण्यासारखं झालं असतं. आणि ते टोमण्यासारखं होईल एवढं मला कळावं, याचंच वाईट वाटलं. पडद्यामागे मुलगी झोपेत काहीतरी चघळल्यासारखा आवाज करत होती. सासूबाई वाट बघत राहिल्या. मग त्यांनी टोक घेतलं, घडी घातली आणि कापडाला सांगावं तसं म्हणाल्या, "मी बोलणार ते मनापासून बोलणार. तुझी भीड धरून मी अर्धं बोलणार नाही. तूही धरू नकोस. नंतर जेवायला एकाच घरी यायचंय, त्याला इलाज नाही." रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो चप्पल शोधायला लागला. जिन्यात म्हणाला, आईच्या समोर उभं राहायचं? मी म्हटलं, त्यांनीच सांगितलंय. तो पायरीवर बसला, आगाराचं काळं न गेलेली बोटं एकमेकांत घातली आणि म्हणाला, लहानपणी आई मला त्या कारखान्यातून बर्फाचा चुरा आणून द्यायची, एवढंच त्या जागेबद्दल मला सभेत सांगता येईल. मी येतो, पण मागे उभा राहतो.

रविवारी वारा नव्हता. दुकानांच्या जाहिरातीचे फुगे सोडणारा माणूस कुरकुरत आला, भलामोठा लाल फुगा भरला, आणि कारखान्याच्या अंगणातून पट्टा एकेक मजला उलगडत वर चढायला लागला. सगळी गल्ली रस्त्यात. डॉक्टर कर्णा घेऊन तयार, लोक हादरले की बोलायचं म्हणून. वरचे मजले निघून गेले, तिसरा सुटला, आणि बेकरीवालीच्या मुलीनं बोट दाखवून आनंदानं सांगितलं की आई, आपली चादर. बेकरीवाली म्हणाली, अगं बाई, खरंच की, तिसऱ्यावर आपण. मग कोणाला आवरेना. चौथा कोणाचा, ते फुलाफुलांचं कोणाचं, पिवळ्यात कोण राहतं. सातव्या मजल्यावर घडीची रेघ अजून दिसत होती. लोकांनी एका सुरात टिपटॉपांचं नाव घेतलं आणि टिपटॉपांनी मान झुकवून ते स्वीकारलं. सगळ्यात वर डॉक्टरांची पट्ट्यापट्ट्यांची चादर. कोणीतरी विचारलं, डॉक्टर, लिफ्ट बंद पडली तर दुखऱ्या दाढेनं आठ जिने चढायचे का? डॉक्टरांनी कर्णा तोंडाशी नेला आणि खाली घेतला. भीती घालायला म्हणून प्रत्येकानं आपल्या बिछान्यातलं दिलं होतं, आणि आता आकाशात ज्याला त्याला आपला बिछाना दिसत होता. मी मुलीला खांद्यावर उंच धरलं. पाचवा निळा होता. एवढ्या खालून डाग दिसणं शक्य नव्हतं, मला दिसला. मुलगी वर बघून दोन्ही हात पसरत होती, कोणी घ्यावं म्हणून पसरते तसे. माझ्या शेजारी सासूबाई डोळ्यांवर हात धरून बघत होत्या. "चौथ्याची शिवण ओढलीय जरा," त्या म्हणाल्या.

पण दुपारी त्या पट्ट्याची सावली आमच्या खिडकीत आली. हातभर सावली, कडेला विरघळलेली. पाट्यावर चढली, त्यांच्या हातातल्या काळ्या बाहीवर आली. त्यांनी सुई थांबवली. सावली जाईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या, हात मांडीवर ठेवून, एखादं मोठं माणूस खोलीतून जाईपर्यंत बसावं तशा. मी पडद्याच्या फटीतून ते पाहिलं. ती हातभरच होती म्हणून सरकून गेली. इमारतीची सरकणार नव्हती. माझी खिडकी आणि त्यांची खिडकी एकाच उन्हाची होती आणि ते कसंही फिरवलं तरी दोघींना पुरत नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं की बोलायचं नाही. जागा मिळेल, न मिळेल. सोडत म्हणजे शेवटी चिठ्ठी. त्या काळ्या बाहीसमोर माझी चिठ्ठी कशी काढू?

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती, खुर्च्या मुलांच्या, सगळे गुडघे हनुवटीला लागलेले. नगरपालिकेच्या बाई मधोमध बसून ऐकत होत्या. डॉक्टर नीट बोलले, पाण्यावर, शाळेवर. टिपटॉपांनी गाड्या कुठं लावायच्या ते विचारलं, त्यांच्याकडे गाडी नसताना. मग सासूबाई उठल्या. हातात त्यांनी काळ्या कापडाचा एक तुकडा आणला होता, त्यावर दोन काजं केलेली. त्या म्हणाल्या, हे एक उन्हात केलंय, हे एक दिव्याखाली. लांबून सारखीच दिसतील, पण हे दुसरं मी गिऱ्हाइकाला देणार नाही. मला दुसरं काही येत नाही, आणि दुसरी खिडकी नाही. बस्स, एवढंच. तुकडा हातोहात फिरत बाईंपर्यंत गेला, बाईंनी त्यावरून बोट फिरवलं, आणि हॉलमध्ये ज्या टाळ्या पडल्या त्या वाजवण्यात मीही होते. मुलीला मांडीवर सांभाळून, तिचेच हात हातात घेऊन मी टाळ्या वाजवल्या. इतकं खरं मी कोणाला बोलताना ऐकलं नव्हतं. आणि नगरपालिकेच्या बाईंनी आणखी कोणाला बोलायचंय का असं विचारलं तेव्हा, त्या खरेपणासमोर गप्प बसणं हाच खोटेपणा होईल, असं काहीसं मला वाटलं असावं. कारण मी उभी होते.

उभी राहिले आणि मुलीनं भोंगा काढला. माइक तिच्या तोंडासमोर आल्यामुळे तो सगळ्या हॉलभर घुमला. लोक हसले, चांगल्या मनानं. मी तिला थोपटलं, दुसऱ्या कडेवर घेतलं, तिनं माइक धरला, सोडेना. मागे नवरा भिंतीपासून सुटून गर्दीतून वाट काढायला लागला, पण मधे सगळे गुडघे. मी म्हणणार होते, राहू द्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतून सासूबाई उठून आल्या. मुलीची बोटं त्यांनी एकेक करून माइकवरून सोडवली, तिला खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बोल तू. मी हिला फिरवते." माइक मध्येच होता. ते सगळ्यांनी ऐकलं.

मग मी बोलले. काय बोलले ते मला सलग आठवत नाही. खिळ्यांच्या डबीबद्दल बोलले, साबणाबद्दल बोलले. आम्ही भांडायला जिन्यात जातो असं सांगितलं तेव्हा आमच्या जिन्यातली सगळी बिऱ्हाडं हसली, त्यांना तपशील पाठ होते. मी म्हणाले, की ज्यांच्या घरात मी राहते त्यांचंच ऊन मी मागतेय हे मला माहीत आहे, आणि त्यांनी मला घरात कधी कमी जागा दिली नाही. पण जी नाहीच ती जागा कोण देणार. म्हणाले, की परवा आपल्या सगळ्यांच्या चादरी वर गेल्या तेव्हा आपण एकमेकांचे मजले ओळखत होतो, कोणी घाबरलं नाही, मला तर पाचवा फार आवडला. बोलताना मी नगरपालिकेच्या बाईंकडे बघायला हवं होतं. मी हॉलच्या मागच्या बाजूला बघत होते. तिथं सासूबाई मुलीला घेऊन एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत फेऱ्या घालत होत्या, पाठीवर थोपटत, ओठ हलवत काहीतरी पुटपुटत, आणि त्यांच्या खांद्यावर मुलगी हळूहळू जड होत चालली होती. ती झोपली तसं माझं बोलणं संपलं, की उलट, ते मला कळलं नाही.

झोपलेल्या मुलीला घेऊन आम्ही तिघं घरी आलो. जेवायला एकाच घरी होतो, त्याला इलाज नव्हता. पुढे काही आठवड्यांनी निर्णय आला: इमारत होणार. सासूबाई रागावल्या, आणि त्यांनी तो राग लपवला नाही. भाजीत मीठ नव्हतं. मशीन असं चालायचं की खालचे लोक विचारायला आले. माझ्याशी कामापुरतं बोलायच्या, तेही मुलीच्या मार्फत. आईला सांग दूध उतू जातंय. मला ते सोपं गेलं नाही. पण एक सांगते, त्या दिवसांतही नवरा दिवसा झोपला की मशीन बंद व्हायचं, आणि मुलीचा फ्रॉक एका सकाळी उसवून, आतला पट्टा सोडून, लांब करून दांडीवर टांगलेला होता.

पट्टा परत आला होता. चादरी फाडून जोडलेल्या, कोणाला परत नको होत्या. खाटेखाली गाठोडं पडून होतं. आज दुपारी मुलीला निजवून, हे लिहायला कागद घेऊन मी बाहेर आले तर सासूबाई खिडकीत होत्या, मांडीवर निळं. शिवणी ब्लेडनं सोडवून, निळे पट्टे शेजारी शेजारी जोडून त्यांनी पुन्हा रुंद कापड केलं होतं. समोर कारखान्याचं छप्पर उतरवायचं काम सुरू झालंय, त्यामुळे या दिवसांत उलट ऊन जास्तच येतं. डाग नेमका दुमडीत गेला होता, बाहेरून दिसत नव्हता. मी विचारलं, कशाचं? त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मग वर बघितलं, मला म्हणाल्या उभी राहा, आणि कापडाचं टोक माझ्या खांद्याशी धरून खाली सोडलं. ते जमिनीवर टेकून वर पुष्कळ उरलं.

"पडदे," त्या म्हणाल्या. "माप नाही म्हणून खाली जास्तीचं दुमडून ठेवलंय."

मी म्हटलं, आई, अजून सोडत व्हायचीय. आपलं नाव निघेल, न निघेल.

त्यांनी सुईत दोरा ओवला, पहिल्याच खेपेला. या उजेडात त्यांना जमतं. "निघालं तर घाई नको," त्या म्हणाल्या. "अस्तर लावून जाड करतेय. वर ऊन फार लागेल. माझ्या वाटणीचंही तिथंच येणार ना."